भावाच्या रक्तवाहिन्यांचा आजार मलाही असेल का? मेंदूचा एमआरआय आधी करू की जनुक चाचणी?

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाचा (वय २८) डावा डोळा एका सकाळी लालभडक झाला. डोळे आले असतील म्हणून आठ दिवस थेंब घातले. मग डोळा पुढे आल्यासारखा दिसू लागला, एकाचे दोन दिसू लागले आणि कानात नाडीच्या ठेक्यावर ‘सूं-सूं’ असा आवाज सुरू झाला. स्कॅनमध्ये डोळ्यामागची धमनी फाटल्याचे कळले. जनुक तपासणीत सीओएल३ए१ या जनुकात दोष निघाला आणि ‘व्हॅस्क्युलर एलर्स-डॅनलॉस’ असे निदान झाले. आमची आई ४६व्या वर्षी पोटात अचानक रक्तस्राव होऊन गेली. मी ३४ वर्षांची आहे. मला अर्धशिशीचा त्रास आहे आणि जरा काही लागले की काळेनिळे डाग पडतात. सांधे मात्र लवचिक नाहीत. मेंदूचा एमआरआय करून घेऊ का? एका डॉक्टरांनी जांघेतून नळी घालून अँजिओग्राफी सुचवली आहे. मान दुखते म्हणून मी मालीश करून घेते, ते चालेल का? मला सहा वर्षांची मुलगी आहे, तिची फार काळजी वाटते.

उत्तर:

आधी जे थांबवायचे ते सांगतो. जांघेतून करायची ती अँजिओग्राफी सध्या पुढे ढकला आणि मानेची मालीश आजपासून बंद करा. तुमचा जनुक अहवाल हाती येईपर्यंत ‘हा आजार मला आहे’ असेच धरून चाला. तो नाही असे निघाले तर चार आठवड्यांची गैरसोय झाली, एवढेच. तो असला तर हीच सावधगिरी मोठा अपघात टाळेल.

आता एमआरआय की जनुक चाचणी? जनुक चाचणी आधी. मेंदूचा एमआरआय स्वच्छ आला तरी त्यातून तुम्हाला आजार नाही हे सिद्ध होत नाही. आज धमनी ठीक आहे, एवढेच तो सांगतो. या आजारात धमनी पुष्कळदा आधी फुगत नाही, चांगली दिसत असतानाच फाटते. जनुक चाचणी मात्र तुमच्या बाबतीत सरळ हो किंवा नाही असे उत्तर देऊ शकते, कारण भावाचा दोष नेमका कुठे आहे ते आधीच सापडले आहे. प्रयोगशाळेला तुमचे सगळे जनुक चाळावे लागत नाहीत, तेवढी एक जागा पाहायची असते. रक्त किंवा लाळेचा नमुना पुरतो.

जाताना भावाच्या अहवालाची पूर्ण प्रत न्या, नुसती आजाराच्या नावाची चिठ्ठी नको. त्यात एका ओळीत जनुकातला नेमका बदल लिहिलेला असतो आणि पुढे त्याची प्रतवारी. ‘रोगकारक’ किंवा ‘बहुधा रोगकारक’ असे लिहिले असेल तरच त्या आधारावर तुमची चाचणी अर्थपूर्ण ठरते. ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असेल तर तुमचा अहवाल कसाही आला तरी त्यावरून निष्कर्ष काढता येणार नाही. अशा वेळी आधी जनुकतज्ज्ञांकडून त्या बदलाचा उलगडा करून घ्यावा लागतो.

हा दोष आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून आला असेल तर प्रत्येक भावंडात तो येण्याची शक्यता निम्मी असते. या आजाराच्या साधारण अर्ध्या रुग्णांमध्ये दोष नव्याने उद्भवतो, आई-वडिलांत तो नसतोच. पण तुमच्या आईचा मृत्यू ज्या वयात आणि ज्या तऱ्हेने झाला, त्यावरून तो आईकडून आला असावा असा संशय घेणे रास्त आहे. म्हणून निम्मी शक्यता धरा. डागांवरून किंवा सांध्यांवरून अंदाज बांधू नका. एलर्स-डॅनलॉस म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर रबरासारखे वाकणारे सांधे येतात, पण या प्रकारात मोठे सांधे बहुधा नेहमीसारखेच असतात, फार तर बोटे जास्त वाकतात. छातीवर शिरा दिसतील इतकी पातळ त्वचा, अरुंद नाक, पातळ ओठ ही खूण काहींमध्ये असते, सर्वांमध्ये नसते.

दोष काय असतो, हे समजले की पुढची सगळी पथ्ये आपोआप पटतात. सीओएल३ए१ हे जनुक तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनची कृती सांगते. हे कोलॅजेन धमन्या, आतडे आणि गर्भाशय यांच्या भिंतींना बळकटी देते. त्याचा दोर तीन सारख्या पेडांचा वळलेला असतो. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली की निम्मे पेड सदोष तयार होतात. तीन पेड उचलून वळताना तिन्ही चांगले येण्याची शक्यता आठात एक. म्हणजे एकच प्रत बिघडली असली तरी आठातले सात दोर कच्चे निघतात. काही दोषांमध्ये मात्र बिघडलेली प्रत पेड बनवतच नाही. तेव्हा दोर संख्येने निम्मे, पण असतील ते चांगले. अशा कुटुंबांत त्रास सहसा बराच उशिरा सुरू होतो. तुमच्या भावाचा दोष यांपैकी कोणत्या जातीचा आहे, हे जनुकतज्ज्ञांना मुद्दाम विचारा. उत्तर पुढच्या नियोजनात उपयोगी पडते.

भावाला जे झाले ते या आजाराचे ठळक लक्षण आहे. मेंदूकडे जाणारी मोठी धमनी डोळ्याच्या मागे, कवटीच्या तळाशी, एका शिरांच्या डोहातून जाते. धमनीच्या भोवती सगळीकडे शिरांतले रक्त, अशी शरीरातली ही विरळाच जागा. तिथे भिंत फाटली की धमनीचे जोरकस रक्त थेट त्या डोहात घुसते. डोळ्यातल्या शिरा याच डोहात रिकाम्या होतात. त्यांना उलटा दाब बसतो, डोळा लाल होतो, पुढे येतो, डोळा हलवणाऱ्या नसा दबून एकाचे दोन दिसतात. तो ‘सूं-सूं’ आवाज म्हणजे फटीतून घुसणारे रक्त. बंद पापणीवर स्टेथोस्कोप ठेवला तर डॉक्टरांनाही तो कित्येकदा ऐकू येतो.

डोळे येण्यात आणि यात फरक करता येतो, आणि तुमच्या घरात तो प्रत्येकाला माहीत असलाच पाहिजे. डोळे आले की चिकट घाण येते, खाज असते आणि एक-दोन दिवसांत बहुधा दुसरा डोळाही लाल होतो. इथे लाली एकाच डोळ्याला, घाण नाही, आणि पांढऱ्या भागावरच्या शिरा जाड, नागमोडी होऊन बुबुळाच्या कडेपर्यंत गेलेल्या दिसतात. कानात ठेका किंवा दुहेरी दिसणे यांपैकी एक जरी सोबत असेल तर थेंब घालत बसू नये, त्याच दिवशी स्कॅन. उपचार म्हणजे नळीतून बारीक तारेची वेटोळी सोडून फट बुजवणे. या आजारात ती नळी नेतानाच वाटेतली धमनी फाटू शकते, म्हणून असे रुग्ण आधी हाताळलेल्या केंद्रातच ते करावे. भावाच्या पुढच्या तपासण्याही तिथेच व्हाव्यात.

याच कारणाने तुम्हाला सुचवलेल्या अँजिओग्राफीला आमचा विरोध आहे. त्या तपासणीत धमनीत सुई टोचतात, तार सरकवतात, नळी मानेपर्यंत नेतात आणि दाबाने औषध सोडतात. निरोगी धमनी हे सहन करते. या आजारातली भिंत ओल्या कागदासारखी असते: टोचल्या जागी, तारेच्या टोकाशी किंवा औषधाच्या झोताने ती फाटते. निदानासाठी एवढा धोका पत्करण्याची गरजच नाही. एमआर अँजिओग्राफीत मेंदूच्या धमन्या कोणतेही औषध न टोचता दिसतात. सीटी अँजिओग्राफीत औषध हाताच्या शिरेतून देतात. कोणी कोणतीही तपासणी सुचवली की एकच प्रश्न विचारा: सुई शिरेत जाणार की धमनीत? धमनीत असेल तर थांबा, आजार सांगा, आणि याशिवाय जमणारच नाही का हे विचारा. नळीने उपचारच करायचा असेल तेव्हा गोष्ट वेगळी. तेव्हाही सोनोग्राफीत बघून टोचणे, शक्य तितकी बारीक नळी आणि शस्त्रक्रियेची टीम तयार, अशी आखणी हवी.

चाचणीत दोष निघाला, तर मात्र स्कॅन करायचाच. फक्त मेंदूचा नको. डोक्यापासून ओटीपोटापर्यंतच्या सगळ्या धमन्यांचे एकदा चित्र काढून ठेवायचे, म्हणजे पुढे काही झाले तर तुलनेला आधार राहतो. मानेच्या भागासाठी ‘चरबी दाबून घेतलेला टी-१’ हा एमआरआयचा प्रकार मागा. धमनीच्या भिंतीत रक्त शिरले असेल तर त्यात ते चंद्रकोरीसारखे पांढरे उमटते. चित्रात लहानसा फुगा दिसला तर घाबरून लगेच शस्त्रक्रियेला तयार होऊ नका. साधारण १०० प्रौढांपैकी ३ जणांच्या मेंदूत असा न फुटलेला फुगा असतो आणि बहुतेकांना तो कधी कळतही नाही. तुमच्या बाबतीत फुटण्याचा धोका आणि उपचाराचा धोका हे दोन्ही इतरांपेक्षा वेगळे असतील. तो तोल न्यूरोसर्जन, नळीने उपचार करणारे तज्ज्ञ आणि जनुकतज्ज्ञ यांनी एकत्र बसून ठरवायचा.

आता तुमच्या अर्धशिशीबद्दल जरा सविस्तर. ज्यांना अर्धशिशी आहे ते नव्या दुखण्यालाही ‘नेहमीचेच’ म्हणून गोळी घेऊन झोपतात, आणि घोटाळा नेमका तिथे होतो. मानेतल्या धमनीची आतली पदर उसवली तर दुखणे एका बाजूला असते: मानेच्या पुढून जबड्याकडे, कानामागे किंवा मागच्या बाजूने मानेच्या वरच्या टोकाला. पूर्वी कधी असे दुखले नव्हते, हीच त्याची मोठी खूण. काहींना त्याच बाजूची पापणी जराशी उतरते आणि बाहुली बारीक होते. हे बघायला अंधूक उजेडात आरशासमोर उभे राहा. अंधारात चांगली बाहुली मोठी होते, बिघडलेली बारीकच राहते, त्यामुळे फरक डोळ्यांत भरतो. उसवलेल्या जागी गुठळी धरते आणि ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात होतो. दुखणे सुरू होणे आणि पक्षाघात येणे यांत काही तासांचे, कधी काही दिवसांचे अंतर असते. वाचवण्याची संधी त्या अंतरातच आहे. मान दुखतेय म्हणून त्याच वेळी कोणी मानेला झटका दिला किंवा रगडले, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा किंवा हाताला मुंग्या येत असतील तर त्या ५ मिनिटे ते तासाभरात हळूहळू पसरतात. पक्षाघातात हातातले बळ, बोलणे किंवा दृष्टी एका झटक्यात जाते. आणि डोकेदुखी जर मिनिटभरात टोकाला पोहोचली, आयुष्यातली सर्वांत भयंकर वाटली, तर तो मेंदूभोवतीचा रक्तस्राव समजूनच धावायचे. सुरुवातीच्या ६ तासांत केलेला साधा सीटी असा रक्तस्राव फारच क्वचित चुकवतो. जसजसा वेळ जातो तसतशी त्याची खात्री कमी होते.

अशा वेळी घरातल्यांनी काय करायचे, हे आजच सांगून ठेवा. आडवे करायचे, लक्षण किती वाजता सुरू झाले ते लिहायचे, रुग्णवाहिका बोलवायची. ऍस्पिरिन द्यायची नाही: गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटीशिवाय कोणालाच कळत नाही. वेळ लिहिण्याला महत्त्व अशासाठी की गुठळी विरघळवणारे औषध लक्षण सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देतात. ते तुम्हाला द्यावे की नाही हा निर्णय आजार ठाऊक असलेल्या डॉक्टरांनीच घ्यायचा.

औषधांच्या पेटीत काही बदल हवेत. अर्धशिशीसाठी सुमाट्रिप्टानसारखी ट्रिप्टान गटातली किंवा अर्गोटामाइन असलेली गोळी घेत असाल तर ती थांबवून न्यूरोलॉजिस्टना भेटा, या गोळ्या धमन्या आवळतात. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. आयब्युप्रोफेन, ऍस्पिरिन आपल्या मनाने नको. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन किंवा फिनाइलएफ्रिन आहे का ते वेष्टनावर वाचा, दोन्ही रक्तदाब चढवू शकतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या फ्लुरोक्विनोलोन गटातली प्रतिजैविके टाळा. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१८ मध्ये महाधमनी फाटण्याच्या धोक्याबद्दल इशारा दिला, त्यात मार्फान (महाधमनी कमकुवत करणारा आणखी एक आनुवंशिक आजार) आणि एलर्स-डॅनलॉस असलेल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. लघवीच्या जळजळीसाठी यातली गोळी सहज लिहून दिली जाते, म्हणून सांगतो. आणि अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमक येत असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही तुमच्यासाठी नाहीत, मग जनुक अहवाल काहीही येवो.

रक्तदाब या आजारात आपल्या हातातली सर्वांत मोठी गोष्ट. दंडावर बांधायचे यंत्र घ्या. पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसा, पट्टा हृदयाच्या उंचीवर, पाय जमिनीला. मिनिटभराच्या अंतराने दोन नोंदी, सकाळी आणि संध्याकाळी, सलग ७ दिवस. ही वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दोष निघाला तर ते सेलिप्रोलॉल या औषधाबद्दल बोलतील. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५३ रुग्णांपैकी औषध घेणाऱ्या २५ जणांत ५ जणांना, तर न घेणाऱ्या २८ जणांत १४ जणांना धमनी फाटण्यासारखी घटना घडली. चाचणी लहान होती आणि सगळ्यांमध्ये जनुकदोष सिद्धही झालेला नव्हता, तरी या आजारात अशी आशा दाखवणारे औषध दुसरे नाही. त्याचा डोस सावकाश वाढवतात, कमाल दिवसाला ४०० मिलिग्रॅम. ते सगळीकडे मिळत नाही. मिळाले नाही म्हणून रक्तदाबाची दुसरी गोळी आपल्या मनाने सुरू करू नका.

शरीराला फार जपून, घाबरून बसायची गरज नाही. चालणे, सपाटीवर सायकल, हलका व्यायाम चालतो, किंबहुना हवाच. श्वास रोखून जड उचलणे, डोके खाली आणि पाय वर अशा स्थिती, मानेला हिसके बसतील असे खेळ आणि शौचाला कुंथणे, हे टाळा. धूम्रपान तर नाहीच.

पाकिटात आणि मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर एक चिठ्ठी ठेवा. आकस्मिक विभागातल्या डॉक्टरांना या आजाराचा रुग्ण कदाचित पहिल्यांदाच दिसत असेल, आणि तुम्ही तेव्हा बोलण्याच्या स्थितीत नसाल. भावाने ती आजच लिहावी, तुम्ही अहवाल आल्यावर. मजकूर असा:

‘मला व्हॅस्क्युलर एलर्स-डॅनलॉस (सीओएल३ए१) आहे. अचानक डोके, मान, छाती किंवा पोट दुखले तर धमनी किंवा आतडे फाटले असे समजून तातडीने सीटी अँजिओग्राफी करा, औषध हाताच्या शिरेतून. अत्यावश्यक नसेल तर धमनीत सुई किंवा नळी नको. आतड्याची दुर्बीण तपासणी टाळा. फ्लुरोक्विनोलोन नको. रक्तगट: … चालू औषधे: … माझ्या तज्ज्ञ डॉक्टरांचा क्रमांक: …’

ज्या वाचकांच्या घरात ‘संयोजी ऊतींचा आजार’ (शरीराला आधार देणाऱ्या, कोलॅजेनसारख्या धाग्यांच्या ऊतींतला दोष) एवढेच निदान आहे, त्यांनी वरचे सगळे आपल्याला लावून घेऊ नये. लोइस-डीट्झ या अशाच आनुवंशिक आजारात धमन्या नागमोडी होतात आणि मेंदूतही फुगे येतात, तिथे डोक्यापासून ओटीपोटापर्यंतचा स्कॅन सुरुवातीलाच लागतो. मार्फानमध्ये पक्षाघात बहुधा हृदयातून सुटलेल्या गुठळीने किंवा महाधमनीची पदर मानेपर्यंत उसवत गेल्याने होतो. त्यात आणखी एक डोकेदुखी असते जी हमखास चुकते: उभे राहिले की वाढते, आडवे झाले की उतरते. मज्जारज्जूभोवतीचे पातळ झालेले आवरण पाझरत असल्याची ती खूण. आणि सांधे फार वाकणारा जो एलर्स-डॅनलॉसचा सर्वांत सामान्य प्रकार आहे, त्याचे जनुक अजून सापडलेले नाही आणि त्यात धमन्या अशा फाटत नाहीत.

राहिली मुलगी. तिची चाचणी आत्ता नको, तुमचा अहवाल येऊ द्या. तुमच्यात दोष नसेल तर तो तुमच्याकडून तिच्यात जाऊच शकत नाही, तिला सुई टोचण्याचे कारणच उरत नाही. तुमच्यात असेल तर तिची शक्यता निम्मी, आणि तेव्हा बालरोगतज्ज्ञ व जनुकतज्ज्ञ यांच्याशी बोलून तिची चाचणी करा, म्हणजे शाळेत कोणते खेळ आणि कोणती औषधे टाळायची हे वेळेत ठरेल. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर गर्भ राहण्याआधी भेटा. या आजारात बाळंतपणाच्या सुमारास मातेच्या मृत्यूचा धोका शंभरात सुमारे ५ इतका आहे. तुमचे एक बाळंतपण सुखरूप झाले, यावरून तुम्हाला आजार नाही असे मात्र म्हणता येत नाही. अहवालाच्या भेटीला एकट्या जाऊ नका. भावाला बरोबर न्या, त्याचेही प्रश्न लिहून घ्या, आणि दोघांचे अहवाल एकाच फाइलमध्ये ठेवा.